परदेशातून मराठी वाहिन्या: काही महिने रोज वापरल्यानंतर

मांडणी साधी आहे. मुक्काम अमेरिकेत, टीव्हीला एक फायर टीव्ही स्टिक (टीव्हीच्या मागे खोचायचं ॲमेझॉनचं छोटं यंत्र), दुसऱ्या खोलीत ॲपल टीव्हीचा डबा, राहत्या देशातल्या कार्डावर घेतलेलं झी५, आणि बातम्यांसाठी यूट्यूब. काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचं माझं मत असं: चित्र अडखळलं की लोक आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवतात आणि बहुतेक वेळा तो पैसा वाया जातो. दोष वेगात क्वचित असतो. तो असतो प्रक्षेपणाच्या हक्कांत, खात्याच्या देशात, नाहीतर टीव्हीच्या एका सेटिंगमध्ये.

वेगाचं गणित एकदा करून मोकळं व्हा. एचडी लाइव्ह वाहिनीला 5 ते 8 एमबीपीएस पुरतात. घरात 25 एमबीपीएस खरोखर मिळत असतील तर दोन टीव्ही आरामात चालतात. 5 एमबीपीएसने तासाला सव्वादोन जीबी डेटा जातो. रोज तीन तास धरले तर महिन्याला साधारण 200 जीबी. घरच्या जोडणीवर मासिक डेटाची मर्यादा असेल तर हा आकडा बघा. वेगाची चिंता तिथेच संपवा.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात मोठा फरक पडला ती. भारतातलं टीव्ही प्रक्षेपण 50 हर्ट्झच्या हिशोबाने होतं, म्हणजे सेकंदाला 25 पूर्ण चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र) किंवा 50 अर्ध्या. अमेरिकेत विकली जाणारी स्टिक किंवा डबा मुळातच 60 हर्ट्झवर लावलेला असतो. 25 चौकटी 60 वेळा दाखवायच्या तर भाग समान जात नाही. म्हणून डबा एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा अशी दाखवत राहतो. मालिकेतल्या बसून चाललेल्या संवादांत हे जाणवत नाही. वृत्तवाहिनी लावा आणि खालून सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीकडे बघा. अक्षरं सरळ वाहत नाहीत, ठेचकाळत पुढे जातात, आणि पाच मिनिटं वाचलं की डोळे शिणतात. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे फिरला की हाच दोष प्रेक्षकांच्या रांगांवर दिसतो. लोक याला 'नेट स्लो आहे' म्हणतात. नेटचा याच्याशी काही संबंध नाही. ओळखायची खूण अशी: नेट कमी पडलं की चित्र थांबतं किंवा धूसर होतं, हर्ट्झचा घोळ असला की चित्र स्वच्छ असतं पण सतत एका लयीत हिसके देतं.

उपाय सेटिंग्जमध्येच आहे. फायर टीव्हीवर सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड साउंड्स, मग डिस्प्ले, आणि तिथे 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' चालू करा. ॲपल टीव्हीवर सेटिंग्ज, व्हिडिओ अँड ऑडिओ, मॅच कंटेंट, आणि 'मॅच फ्रेम रेट'. एवढं केलं की कार्यक्रम सुरू होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. टीव्ही 50 वर जात असतो, घाबरू नका. मात्र सगळीच ॲप ही सूचना पाळत नाहीत. जे पाळत नाही त्यासाठी व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन हातानेच '1080पी 50 हर्ट्झ' निवडावं लागतं, आणि नंतर अमेरिकन कार्यक्रम बघताना परत 60 वर यावं लागतं. रोजची उठाठेव आहे, पण पट्टी एकदा सरळ वाहताना पाहिली की ती करावीशी वाटते. टीव्ही 50 हर्ट्झ घेतो की नाही हे आधी तपासा. अमेरिकेतले बरेच नवे टीव्ही घेतात, पण सगळे नाहीत. न घेणाऱ्या टीव्हीवर 'नो सिग्नल' येतं. फायर टीव्ही आणि ॲपल टीव्ही दोन्ही असा बदल टिकवायचा की नाही हे विचारतात. काही सेकंद काहीच दाबलं नाही की जुनं सेटिंग आपोआप परत येतं.

यूट्यूबवरच्या मराठी वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एबीपी माझा, टीव्ही9 मराठी, झी 24 तास, साम टीव्ही यांचं थेट प्रक्षेपण तिथे जगभर फुकट दिसतं, आणि बातम्यांपुरतं बघायचं असेल तर कोणतंही सबस्क्रिप्शन घ्यायची मला गरज वाटत नाही. पण यूट्यूबला पाठवतानाच कोणी चित्र 30 चौकटींवर बदललं असेल तर हिसके त्यातच मुरतात आणि घरचं कोणतंही सेटिंग ते काढू शकत नाही. हे पाहायचं तर प्लेअरच्या मेनूतलं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथे चित्राच्या आकारापुढे 25, 30 किंवा 50 असा आकडा दिसतो. 25 किंवा 50 असेल तर तुमच्या हातात काही आहे, 30 असेल तर सेटिंगशी झगडू नका.

हात हलवताना, नृत्यात, धावताना कडांवर बारीक आडव्या रेघांचा कंगवा दिसतो तो वेगळा दोष. भारतातल्या साध्या वाहिन्या 576 ओळींच्या आणि एचडी वाहिन्या 1080 ओळींच्या, पण दोन्हीकडे चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी पाठवायची पद्धत आहे. ॲपसाठी रूपांतर करताना हे अर्धे भाग नीट जोडले नाहीत की कंगवा उरतो. यावर प्रेक्षकाकडे उपाय नाही. त्याच वाहिनीचं एचडी रूप किंवा दुसऱ्या दिवशी टाकलेला भाग बघितला तर बहुधा स्वच्छ मिळतो.

आता हक्क आणि खाती, कारण खरा मनस्ताप इथे होतो. नेहमीचा प्रकार असा: भारतातले नातेवाईक प्रेमाने वर्षाचा प्लॅन भरून देतात, आणि तो परदेशात चालत नाही. पासवर्ड चुकलेला नसतो. ॲप तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, त्यावरून देश कळतो) बघतं आणि त्या देशासाठी हक्क असलेलंच दाखवतं. भारतातला प्लॅन भारतापुरता असतो. शिवाय हक्क एका जागी राहत नाहीत. अमेरिकेतलं हॉटस्टार 2022 च्या अखेरीस बंद झालं आणि त्यातला बराच माल हुलू या तिथल्या स्ट्रीमिंग सेवेकडे गेला. भारतात फेब्रुवारी 2025 मध्ये डिस्ने प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. म्हणून स्टार प्रवाहची मालिका एका देशात जिथे दिसते तिथेच ती दुसऱ्या देशात दिसेल हे गृहीत धरू नका. पैसे भरण्याआधी लॉगिन न करता, राहत्या देशातून, त्या ॲपवर आपल्या मालिकेचं नाव शोधा. ताजा भाग यादीत आहे का, त्यावर कुलूप आहे का, आणि लाइव्ह वाहिनी वेगळी दिली आहे का, हे तीन प्रश्न. लाइव्ह वाहिनी आणि नंतर टाकलेले भाग या हक्कांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळेलच असं नाही.

खातं नवं आणि राहत्या देशातलं काढा. भारतीय खात्याला ओटीपी भारतीय नंबरावर जातो, आणि भारतीय कार्डावरच्या आपोआप वसुलीला रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर 2021 पासूनचे नियम लागतात. त्यात वसुलीच्या 24 तास आधी सूचना येते आणि मुळात संमतीची नोंद करावी लागते. ती नोंद झालेली नसेल तर नूतनीकरण अडतं आणि ऐन शेवटच्या भागाच्या दिवशी ॲप बंद दिसतं. फोनवर ॲपच मिळत नसेल तर स्टोअरचा देश कारण असतो. आयफोनवर देश बदलायचा तर खात्यातली शिल्लक आधी संपवावी लागते आणि चालू सबस्क्रिप्शन रद्द करावी लागतात. गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो. त्यामुळे चार महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा फोन बदलत बसू नका. टीव्हीवरच्या स्टिकवर तुमच्या खात्याने ॲप टाका.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं ॲपला भासवणाऱ्या सेवेबद्दल, सगळेच विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, त्यावर घरचा टीव्ही उभा करू नये. ॲपच्या अटींत ते बसत नाही हा पहिला मुद्दा. दुसरा व्यवहाराचा. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी असा आदेश काढला, आणि त्यानंतर कित्येक मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता यादीत 'इंडिया' असं लिहिलेलं असतं तेव्हा यंत्र बऱ्याचदा सिंगापूर किंवा युरोपात असतं, फक्त पत्ता भारतीय दाखवला जातो. सगळी वाहतूक तिकडून वळसा घालून येते आणि अशा सर्व्हरांचे पत्ते ॲपवाले ओळखून अडवतात. आज चाललं ते उद्या चालत नाही. आखातात राहणाऱ्यांनी तर विषयच सोडा. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला तर दंड पाच लाख दिरहमपासून वीस लाखांपर्यंत आहे.

'एकदा पैसे भरा, हजार वाहिन्या' असे डबे मिळतात त्यांच्यापासून लांबच राहा. वाहिन्या हक्कांशिवाय दाखवलेल्या असतात, म्हणून सामन्याच्या ऐन वेळी बंद पडतात आणि दाद मागायला कोणी नसतं. शिवाय जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने स्वस्त अँड्रॉइड डब्यांत कारखान्यातूनच घुसवलेल्या बॅडबॉक्स 2.0 नावाच्या घातक सॉफ्टवेअरबद्दल जाहीर इशारा दिला. तुमच्या घरचं इंटरनेट त्या डब्यातून दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी वापरलं जातं. आणखी एक तोटा: अशा डब्यांना वाइडवाइनचं (व्हिडिओची चोरी रोखणारी गुगलची यंत्रणा) एल1 हे वरच्या पातळीचं प्रमाणपत्र बहुधा नसतं. नुसतं खालच्या पातळीचं एल3 असलं की बरीच अधिकृत ॲपसुद्धा त्यावर 480 ओळींच्या पुढे जात नाहीत. अँड्रॉइडच्या कोणत्याही यंत्रावर 'डीआरएम इन्फो' हे ॲप टाकलं की सिक्युरिटी लेव्हलपुढे एल1 आहे की एल3 ते लगेच कळतं. पैसे एचडीचे भरले आणि चित्र मात्र धुरकट, असं असेल तर आधी हे बघा.

स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. त्या पोर्टमधून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो आणि स्टिक मध्येच स्वतः बंद-चालू होते. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीत लावा. सोबत एचडीएमआयची छोटी जोडवायर असते, तीही वापरा, कारण टीव्हीच्या मागच्या पत्र्याला चिकटलेल्या स्टिकचं वायफाय कमजोर होतं. शक्य असेल तर वायरच टाका. स्टिकचा इथरनेट ॲडॉप्टर 100 एमबीपीएसचा असला तरी भरपूर झाला.

वेळेचं भान ठेवावं लागतं. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, इथे होतं. रात्री आठची मालिका न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेनऊला, सॅन फ्रान्सिस्कोला साडेसात आणि साडेसहाला, लंडनला दुपारी साडेतीन आणि अडीचला, दुबईत बारा महिने संध्याकाळी साडेसहाला. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या नातेवाइकांचं गणित हमखास चुकतं. अमेरिकेत राहून लाइव्ह वाहिनीसाठी जादा पैसे भरणं मला पटत नाही. कामाच्या वेळेत कोणी बघत नाही, संध्याकाळी तोच भाग जाहिरातींशिवाय मिळतो. आखातात मात्र लाइव्ह घ्यावं, घरी पोचायची आणि मालिकेची वेळ जुळते.

लाइव्ह सामन्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर विकेटचा संदेश आधी येतो आणि चेंडू नंतर पडतो. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून येतं आणि प्लेअर असे दोन-तीन तुकडे साठवल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून अर्धा मिनिट उशीर धरूनच चाला आणि गट तेवढा वेळ म्यूट करा.

आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर मधला जुना रिसीव्हर किंवा एचडीएमआय स्प्लिटर काढून स्टिक थेट टीव्हीला लावून बघा. कॉपीपासून संरक्षणाची तपासणी तिथे अडते. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आवाजाचं सेटिंग डॉल्बीवरून स्टिरिओवर आणा. साउंडबार असलेल्या घरात हा त्रास जास्त होतो.

पैशांचं म्हणाल तर पहिले दोन महिने मासिक प्लॅन घ्या आणि वर्षाचा प्लॅन त्यानंतरच. जी मालिका बघायची तिचे ताजे भाग रोज वेळेवर येतात का, जुने भाग मागून गायब होतात का, हे तेवढ्या काळात कळतं. नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी आपोआप वसुली बंद करून यादी पुन्हा एकदा तपासा. हक्क हलले असतील तर मालिका दुसऱ्या ॲपवर गेलेली असते, आणि भरलेले पैसे परत मिळवणं बहुतेक ठिकाणी कठीण असतं.