डिस्चार्जनंतरचं नियोजन उत्तम, पण रविवारी फोन उचला

माझा धाकटा भाऊ दारूच्या उपचारांसाठी दोनदा भरती झाला. पहिल्या केंद्रातून निघताना औषधांची चिठ्ठी मिळाली आणि 'आता जपा' एवढंच ऐकायला मिळालं. महिनाभरात तो पुन्हा प्यायला लागला. म्हणून दुसऱ्या केंद्रात भेटीगाठींपेक्षा मी पुढच्या नियोजनाचीच जास्त चौकशी केली.

तिथल्या समुपदेशक मॅडमनी डिस्चार्जच्या दहा दिवस आधी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. 'यापुढे पिणार नाही' हे वाक्य त्यांनी त्याला लिहूच दिलं नाही. संध्याकाळी सहा ते आठ कुठे असशील? पगार झाला की पैसे कोणाकडे? जुन्या मित्राचा फोन आला तर काय सांगशील? उत्तरं त्याचीच, अक्षरही त्याचंच. सहा ते आठच्या पुढे त्याने 'एए मीटिंग' लिहिलं, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची बैठक. मीटिंग नसेल त्या दिवशी माझं घर.

डायसल्फिराम ही दारूपासून दूर राहण्यासाठीची गोळी त्याला विचारूनच सुरू केली. त्यावर दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड, प्रसंगी जिवावर बेतू शकतं आणि गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, हे नीट समजावलं. खोकल्याच्या काही औषधांत आणि माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, हे मला तिथेच कळलं.

खरी किंमत कळली ती शेवटच्या पानाची. त्यावर धोक्याच्या खुणा होत्या आणि पहिली खूण त्यानेच लिहिलेली: 'गोळी उद्या घेतो म्हणेन.' दीड महिन्याने नेमकं तेच म्हणाला. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसतं ते पान समोर ठेवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, दोन दिवस डोक्यात तेच चाललंय."

तक्रार इथेच आहे. अडचणीच्या वेळेसाठी म्हणून दिलेला नंबर मी चार वेळा लावला. रविवार संध्याकाळ होती, कोणीही उचलला नाही. एएमधल्या त्याच्या स्पॉन्सरने, म्हणजे आधी दारू सोडलेल्या त्याच्या मार्गदर्शकाने, तासभर बोलून ती वेळ निभावली. सोमवारी मॅडमचा फोन आला, त्यांनी माफी मागितली आणि सुट्टीच्या दिवसासाठी दुसरा नंबर दिला. घरच्यांसाठी बैठक मात्र एकच होती. मला आणखी दोन तरी हव्या होत्या.

भावाचा हा सातवा महिना. कोणाला भरती करत असाल तर पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जचं नियोजन कधी सुरू करता आणि रविवारी फोन कोण उचलतं.