घरी येणाऱ्या स्तनपान सल्लागार: पैसे वसूल, काटा सोडून

बाळाच्या वजनकाट्याचं डिपॉझिट परत मिळवायला एवढे फोन करावे लागले नसते, तर हे लिहायला मी बसलेच नसते. बाळ आता पालथं पडून पुढं सरकायला लागलंय आणि गावातल्या बऱ्याच जणी "त्या मॅडमना बोलवू काय?" म्हणून विचारतात. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे, मॅडम बेळगावातल्या टिळकवाडीच्या. पहिल्या भेटीचे दीड हजार, वर शहराच्या हद्दीबाहेर म्हणून तीनशे. येळ्ळूर काय गोव्यात आहे? पण दवाखान्यातून घरी आल्यावर स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. बाळ तोंड लावलं की मी ओठ चावून बसायची. सासूबाईंचं दिवसभर एकच, "दूध पुरना झालंय, म्हणून रडूलालंय." डिस्चार्जच्या कागदावर दुधाच्या पावडरच्या डब्याचं नावही लिहून दिलेलं. अशा डब्यांच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, पण दवाखान्याच्या कागदावर जाहिरात कशाला लागते?

मॅडमनी आधी काहीच शिकवलं नाही. मी पाजताना नुसतं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आक्का, तुम्ही बाळाकडं वाकताय. बाळाला तुमच्याकडं आणा." उशा काढल्या, घरातली जुनी वाकळ घडी करून मांडीवर ठेवली (तोवर मी ऑनलाइन फीडिंग पिलो बघत होते, ते पैसे वाचले). बाळाचं पोट माझ्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग हनुवटी आधी टेकवत जवळ घ्यायचं. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडं जास्त दिसला पाहिजे, खाली कमी. खालचा ओठ बाहेर वळलेला. दुखलं तर सहन करायचं नाही, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवायची आणि पुन्हा घ्यायचं. त्याच बैठकीत गिळल्याचा आवाज ऐकू आला. सासूबाईंनीही ऐकला. त्या कन्नडमधून मॅडमशी बोलायला लागल्या आणि डब्याचा विषय तिथंच संपला. इथपर्यंत पैसे वसूल.

आता काटा. मॅडम बाळाला पाजण्याआधी आणि पाजल्यावर वजन करतात, त्याच कपड्यात, लंगोट न बदलता. जेवढे ग्रॅम वाढले तेवढे साधारण मिली दूध पोटात गेलं. पहिल्या भेटीत हे बघून घरच्यांना पटलं, हे मान्य. पण मग काटा भाड्यानं ठेवून घ्या म्हणाल्या. रोजचं भाडं, वर डिपॉझिट. आणि घरात क्रिकेटचा स्कोअर सुरू झाला. सकाळी जास्त, दुपारी कमी, दीर मोबाईलवर तक्ता करतोय, सासूबाई "आज कमी का?" विचारतात. बाळ काय प्रत्येक वेळी सारखंच पितं होय? आपण तरी दोन्ही जेवणांना सारख्या भाकऱ्या खातो का? एका पाजण्याच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहाएक लंगोट ओले होतात का आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवजन परत येतं का, एवढं बघितलं की पुरे. हे मला मॅडमनी नाही, आशाताईनं (गावातली आरोग्य कार्यकर्ती) सांगितलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते, तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, आणि पैसे शून्य. मग मी भाडं कशाचं भरत होते? काटा परत दिला आणि घर शांत झालं. डिपॉझिटमधून मात्र "साफसफाई" म्हणून कापून घेतले. कसली साफसफाई, टॉवेल आमचा होता.

व्हॉट्सॲपबद्दल मात्र मत बदललंय. सुरुवातीला काही विचारलं की इंग्रजी पीडीएफ यायचं, सगळ्यांना एकच. त्यावर मी इथं एक तारा देणार होते. पण नंतर एकदा रात्री छातीत गाठ आली, लाल झालं, कणकण वाटायला लागली. मॅडमचा आवाजी मेसेज लगेच आला: त्या बाजूनं पाजणं थांबवू नका, जोरानं चोळू नका, थंड शेक द्या, ताप चढला किंवा सकाळपर्यंत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडं जा. सकाळी स्वतः फोन करून विचारलं. म्हणून चार तारे. पाचवा काट्यानं खाल्ला.

बोलवायचं असेल तर डोहाळजेवणाच्या आसपासच नंबर घेऊन ठेवा, बाळंतपणानंतर शोधाशोध होत नाही. फक्त भेटीचे पैसे ठरवा, पॅकेज नको.

आता मी कामावर जाते. दुपारचं दूध हातानं काढून ठेवते, बाहेर चार तासांपेक्षा जास्त नाही, फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. उन्हाळ्यात उकाडा असतो म्हणून आम्ही बाहेर ठेवतच नाही. सासूबाई बोंडल्यानं (चोचीचं छोटं भांडं) पाजतात, बाटली आणलीच नाही. बोंडलं रोज उकळा, त्याच्या चोचीत साय अडकते.