सुई शून्यावर आली आणि मी फसलो

मोठी शेड सोडून धातूकामाचा सगळा छंद एका खोलीत आणायचा, हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. फसायला एक दुपार पुरली.

गुडघे कुरकुरायला लागले होते. मिलिंगचा व्हाइस उचलला की कंबर धरायची. म्हणून लेथ आणि मोठं मिलिंग मशीन काढून टेबलावर मावेल असं छोटं सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं) मिल घ्यायचं ठरवलं. शेड महिनाअखेरीस रिकामी करायची आहे, हे मी मिल विकणाऱ्याला पहिल्याच फोनवर बोलून बसलो. समोरचा लगेच म्हणाला, "जुनी दोन्ही मीच उचलतो, वरचे तेवढे पैसे द्या."

जुनी मशीन नेताना त्याने ड्रॉवर उघडून सहज विचारलं, "हे भंगारही नेऊ का? तुम्हाला आता कशाला लागतंय?" मी हो म्हटलं. त्या भंगारात कोलेटचा अख्खा संच होता, रीमर होते, डिव्हायडिंग हेड होतं, कागदात गुंडाळलेले कोरे एंडमिल (मिलिंगचे कटर) होते. हत्यारांची किंमत कधीकधी मशीनच्या बरोबरीला जाते, हे मीच इतरांना सांगत आलोय!

आता मूळ गोष्ट. मशीन दाखवताना तो म्हणाला, "बॉल स्क्रू आहेत, प्ले नाहीच. तुमचाच डायल लावून बघा." बॉल स्क्रू म्हणजे टेबल सरकवणारा, नटात गोळ्या फिरणारा स्क्रू; प्ले म्हणजे स्क्रू आणि नटातली मोकळी जागा, जिच्यामुळे दिशा बदलली की टेबल तेवढं कमी सरकतं. मी ०.०१ मिमीचा डायल (सुईने बारीक हालचाल दाखवणारं मापक) टेबलाला टेकवून शून्यावर आणला. त्याने टेबल ५ मिमी पुढे नेलं, ५ मिमी मागे आणलं. सुई फिरली आणि बरोबर शून्यावर येऊन थांबली. तीन वेळा. मग ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नाव कोरून दाखवलं, जेमतेम नख अडेल इतकं खोल. टेबल मधोमध घेऊन हेच करू या म्हटलं, तर म्हणाला, "लिमिट स्विचची वायर सैल आहे, नीट करून देतो." मी मान डोलावली आणि सगळे पैसे देऊन टाकले.

घरी ४० मिमीचं गोल भोक मिलिंग करून पाहिलं. आतून बोट फिरवलं तर चार ठिकाणी बारीक पायरी लागली, घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी. तिथे एकेक स्लाइड दिशा बदलते. मशीनच्या कंट्रोलरची सेटिंग उघडली, तर एक्स अक्षाच्या बॅकलॅश कॉम्पेन्सेशनमध्ये (प्ले भरून काढायच्या सेटिंगमध्ये) ०.१२ भरलेलं. म्हणजे दिशा बदलली की कंट्रोलर स्क्रू गुपचूप तेवढा जास्त फिरवत होता. तो आकडा शून्य करून डायल पुन्हा लावला. टेबलाच्या टोकाला ०.१२ मिमी प्ले निघाला, मधोमध ०.२०. कारण मशीन मध्येच सगळ्यात जास्त चाललेलं असतं, स्क्रू तिथेच झिजतो. त्याने मला टोकालाच का दाखवलं, ते तेव्हा कळलं.

बेलो (स्क्रूवरचं घडीचं आवरण) काढून पाहिलं, तर बॉल स्क्रू नव्हताच. साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू आणि पितळी नट. कॉम्पेन्सेशनने सुई शून्यावर येते, पण प्ले जागच्या जागीच राहतो. क्लाइम्ब मिलिंगमध्ये, म्हणजे टेबल सरकतं त्याच दिशेला कटरचे दात कापत जातात तेव्हा, कटर टेबलाला स्वतःकडे खेचतो आणि तेवढ्या मोकळ्या जागेत टेबल झटका खातं. माझे दोन एंडमिल असेच गेले.

आता कुणासोबत मशीन बघायला गेलो, की कटर बंद, पण टेबल सरकवणारी मोटर चालू ठेवून (म्हणजे ती स्क्रू धरून ठेवते), टेबल मधोमध आणून, डायल लावतो आणि टेबल हाताने जोर लावून दोन्हीकडे ढकलतो. सुई हलली की प्ले आहे, कंट्रोलरला तो लपवता येत नाही. गिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) करकचून आवळलेला असेल तर प्ले असूनही टेबल हाताला दाद देत नाही, म्हणून आधी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठे जड जातं ते बघतो. बेलो काढू देत नसेल तर मी चहासुद्धा घेत नाही.

मी त्याला फोन केला होता. बॉल स्क्रूचं विचारलं तर म्हणाला, आधीच्या मालकाने तसं सांगितलं होतं. माझी हत्यारं तरी परत द्या म्हटलं, तर ती "विकली गेली". प्लेचा विषय काढला तेव्हा मात्र त्याचा आवाज एकदम गोड झाला. "साहेब, डायल तर तुमचाच होता ना?"