बेलरच्या दोऱ्या : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर माळावरचं गवत आम्ही पहिल्यांदाच बेलरने, म्हणजे गवत दाबून त्याच्या गाठी बांधणाऱ्या यंत्राने, बांधून घेतलं. मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची जमीन आहे. शेत दीर बघतात. मी ठाण्यात नोकरी करते आणि शनिवारी कल्याणहून एसटी धरून गावी जाते. ट्रॅक्टरवाल्याने १४० गाठी पाडून दिल्या. एका गाठीला दोन दोऱ्या, म्हणजे २८०. दोन गाई आणि एक वासरू गवत खात गेली, तशा या दोऱ्या गोठ्याच्या खुंटीवर साठत गेल्या.

पहिला महिनाभर आम्ही त्या कशाही कापल्या आणि निम्म्या वाया घालवल्या. मग लक्षात आलं की मशीनने दोरीला मारलेल्या गाठीच्या अगदी लगत कापायचं आणि ती गाठ धरूनच दोरी ओढून काढायची. सलग अडीच मीटरची दोरी हातात येते, गवतात तुकडाही राहत नाही. वीस-वीसच्या जुड्या बांधून टांगल्या की गुंता होत नाही.

दोरी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची आहे. सुतळीसारखी समजून वापरली की फसगत होते, कारण हिचा स्वभावच वेगळा. पाणी पीत नाही, कुजत नाही, उंदीरही फारसे लागत नाहीत. पण अंग गुळगुळीत, त्यामुळे साधी गाठ आपोआप सरकते. सुरगाठ तर विसराच. निरगाठ मारून वर आणखी एक वेढा घ्या आणि टोकं चार बोटं लांब सोडा. आमच्या सासूबाईंनी लहानपणी केवणीच्या सालीचे दोर वळलेले आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी दोरी चिमटीत फिरवून सांगितलं, “हिला पीळ धरत नाही गं, वेणी घाल.” तेव्हापासून जाड काही करायचं असेल तर मी वेणीच घालते.

सगळ्यात समाधान दिलं ते पावसाळ्यातल्या मांडवाने. दरवर्षी काकडी, शिराळी आणि पडवळाला सुतळी बांधायचो. आपल्याकडच्या पावसात ती श्रावण लागेपर्यंत काळी पडून तुटायची आणि लगडलेला वेल चिखलात यायचा. यंदा जूनमध्ये साठेक दोऱ्यांची वीतभर चौकटींची जाळी विणली. गणपतीपर्यंत एक दोरी तुटली नाही. वेलाचे ताणे गुळगुळीत दोरीला धरतील का, अशी शंका होती. पडवळाने सहज धरले, काकडीला मात्र सुरुवातीला हाताने गुंडाळून द्यावं लागलं.

पण ऊन हिचा वैरी आहे. जानेवारीत कुंपणाच्या काठ्या बांधलेल्या दोऱ्या मे अखेरीस फिकट झाल्या आणि बोटांनी चोळल्यावर भुसा होऊन गळायला लागल्या. हे कुजणं नव्हे. कुजलं तर मातीला मिळतं. हे प्लास्टिकचे बारीक तंतू आहेत, ते तसेच मातीत राहतात. म्हणून मांडवही आम्ही वेल वाळल्याबरोबर उतरवला, पुढच्या हंगामासाठी उभा ठेवला नाही. कुंपणाला ही दोरी मी पुन्हा वापरणार नाही.

ताडपत्रीचा अनुभवही सांगायला हवा. गवतावरची ताडपत्री चार कोपऱ्यांना बांधली होती, जुलैच्या वाऱ्यात दोन कोपरे सुटले. दोरीच्या गाठी शाबूत होत्या. दोरी जिथे दुसऱ्या दोरीवर घासत होती तिथे वितळून तुटली होती. चाकू नसेल तेव्हा एक दोरी ताणून धरून दुसरी तिच्यावर करवतीसारखी भराभर घासली की ताणलेली कापली जाते, हे दिरांनी मला शिकवलं होतं. वाऱ्याने तेच केलं. आता ताडपत्रीच्या कडीत आधी जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घालतो आणि त्यात दोरी ओवतो.

विहिरीच्या बादलीला सहा दोऱ्यांची वेणी केली. नायलॉनचा दोर हातातून सुटला की तळाशी जातो. हा पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे तरंगतो आणि काठीने ओढून घेता येतो. पाचव्या महिन्यात काठावर घासणारा भाग विरला, तेवढा काढून पुन्हा विणला. ओल्या हाताला दोर निसटतो, म्हणून हातभर अंतरावर गाठी ठेवल्या आहेत.

पडवीतली जुनी बाजही याच दोऱ्यांनी विणली. जवळजवळ शंभर दोऱ्या लागल्या. शेजारचे काका दोन दुपारी बसून विणत होते. जोडाच्या सगळ्या गाठी त्यांनी कटाक्षाने खालच्या बाजूला घेतल्या, नाहीतर पाठीला टोचल्या असत्या. ही दोरी वजनाखाली हळूहळू लांबते. पहिल्या महिन्यात दोनदा पायथ्याकडचा दोर ओढून घ्यावा लागला, त्यानंतर बाज बसली ती बसली. सासूबाई दुपारी तिच्यावरच आडव्या होतात.

ठाण्याच्या घरी उपयोग मर्यादित आहे. गॅलरीतल्या कुंड्या टांगायला, रद्दी बांधायला, मनीप्लांटला आधार द्यायला चांगली. टोकं सुटू नयेत म्हणून लोक ती मेणबत्तीवर जाळतात. धूर वाईट येतो आणि वितळलेला थेंब बोटाला चिकटतो. मी तापवलेल्या जुन्या सुरीने दाबते, तेही खिडकी उघडून. गॅसच्या शेगडीजवळ काहीही टांगायला ही दोरी नको, साधारण १६० अंशांनंतर ती वितळते. दोऱ्या उसवून भांडी घासायचा काथ्याही करून पाहिला, पण त्याचे तंतू मोरीत सुटायला लागले, म्हणून बंद केला.

आता जनावरांचं. दिरांनी पाच-सहा दोऱ्यांची वेणी घालून वासराला दावं केलं होतं. रंगीत, मजबूत, फुकट. आठव्या दिवशी वासराच्या मागच्या पायाला सुजेसारखं दिसलं. केस बाजूला केले तर आत एक सुटी दोरी करकचून आवळलेली, कातडीत रुतलेली. खुंटीवरून पडलेली असणार. ती कापताना वासराने मान टाकली होती आणि मला हात स्थिर ठेवता येत नव्हते. जखम भरायला तीन आठवडे लागले. सुती किंवा काथ्याचं दावं ताण आला की निदान कधीतरी तुटतं. हे तुटत नाही, कापतं. त्याच दिवशी दावं बदललं. मलमपट्टीला आलेल्या पशुवैद्यकांनी त्याहून मोठी भीती सांगितली : गाईने अशी दोरी गिळली तर ती पचत नाही, पोटात इतर प्लास्टिकसोबत तिचा गोळा होतो आणि मग पोट उघडून काढण्यावाचून मार्ग राहत नाही.

तेव्हापासून गोठ्याच्या भिंतीवर खडूने हिशेब आहे. गाठ फोडली की दोन रेघा, आणि त्या दोन दोऱ्या खुंटीवर गेल्याशिवाय गवत गव्हाणीत पडत नाही. रात्रीच्या वेळी दीर मला फोन करून सांगतात, “वहिनी, आज दोन गाठी, चार दोऱ्या, चारही वर.” तुम्ही गाठी घेत असाल तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, बाकीचे उपयोग नंतर शोधा.

गेल्या शनिवारी शेवटची गाठ फोडली. मांडवाच्या, बाजेच्या, विहिरीच्या, घरी नेलेल्या आणि उन्हाने गेलेल्या सगळ्या धरून २७१ दोऱ्यांचा हिशेब लागला. उरलेल्या नऊ खडूच्या हिशेबाआधीच्या महिन्यांतल्या. शेणखताचा खड्डा दोनदा उपसला, त्यात दोन सापडल्या. सातांचा शोध चालू आहे. दोन्ही गाई रवंथ नीट करतायत, दूधही कमी झालेलं नाही, तरी गव्हाण धुताना मी आधी तळाशी हात फिरवून बघते.