तयार लाकडी खुराडं: हिवाळाभर वापरून, मुख्यतः झडपेबद्दल

हे खुराडं ‘4 ते 6 कोंबड्यांसाठी’ म्हणून विकतात. त्यावर वेगळं भांडता येईल, पण आजचा राग झडपेसाठी राखून ठेवलाय. एवढंच सांगते: आत प्रत्येक कोंबडीला निदान 4 चौरस फूट जागा हवी असं धरतात, आणि या खुराड्यात जेमतेम 13 भरतात. भागाकार तुम्हीच करा. माझ्या तीन आहेत.

बाकी जुळणी सोपी, बिजागऱ्या दणकट, छप्पर अजून गळलेलं नाही. जाळी 12 मिलिमीटरची, वेल्ड केलेली. थंडीत उंदीर ऊब आणि दाणे शोधत येतात आणि त्यांच्या मागावर मोठी जनावरं येतात, त्यामुळे या जाळीचे गुण पूर्ण.

आता झडप. आढ्याखाली दोन्ही बाजूंना हवा खेळण्यासाठी एकेक सरकती लाकडी पट्टी दिली आहे. उन्हाळ्यात ती बोटाने सरकायची. थंडी पडली, आत दमटपणा वाढला, पट्टीही फुगली आणि तिची खाचही फुगली. बंद असताना अडकली ती हलेचना. म्हणजे ओल वाढली की झडप घट्ट, आणि झडप घट्ट झाली की ओल आणखी जास्त. जेव्हा ती उघडायची खरी गरज, नेमकी तेव्हाच ती उघडत नाही. हे ज्याने आखलं त्याच्या घरी पावसाळ्यात एकही लाकडी कपाट कधी अडकलं नसावं.

झडपेसाठी एवढा थयथयाट कशाला, असं वाटत असेल तर सांगते. धडधाकट, पिसं पूर्ण भरलेल्या कोंबडीला कोरड्या थंडीचं फारसं काही वाटत नाही. तिच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुलवून ती स्वतःभोवती गरम हवा धरून ठेवते. तिला बाधते ती ओल. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते आणि त्यातलं बरंचसं श्वासातून आणि शिटेतून बाहेर पडतं. बंद खुराड्यात ती वाफ रात्रभर वर चढते, गार फळ्यांना लागून पाणी होते आणि खाली ठिबकते. ओला तुरा गारठला की हिमदंश होतो, टोकं काळी पडतात. मोठा, उभा, एकेरी तुरा असलेल्यांना धोका जास्त. बसक्या तुऱ्याच्या जाती त्यामानाने सुखी. शिवाय शिटेतून अमोनिया सुटतो. हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत 25 भागांवर गेलं की डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा होऊ लागते. सकाळी दार उघडल्यावर आपल्याच नाकाला झोंबलं, तर रात्रभर आत बसलेल्या पक्ष्याचं काय झालं असेल!

माझ्या उभ्या तुऱ्याच्या कोंबडीच्या तुऱ्याची टोकं राखाडी दिसली, त्याच सकाळी मी कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर: ‘थंडीत झडप बंदच ठेवावी.’ दुसरं: ‘लाकूड नैसर्गिक आहे, फुगणे हा दोष धरला जात नाही.’ तिसऱ्या उत्तरात चक्क सवलतीत दिवा घ्यायचा सल्ला, ऊब मिळेल आणि अंडीही वाढतील म्हणे. थंडीत अंडी कमी होतात ती दिवस लहान झाल्यामुळे. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो, आणि त्याआधी पिसं गाळत असेल तर अंग सगळी ताकद नव्या पिसांना देतं. यात गारठ्याचा वाटा थोडा. आणि 250 वॉटचा तो लाल दिवा, खाली कोरडा लाकडी भुसा, मध्ये फडफडणारे पंख! अशा दिव्यांनी खुराडी जळतात. वर रात्री वीज गेली, तर उबेला सरावलेले पक्षी एकदम गारठ्यात.

शेवटी मी पट्ट्या पेचकसाने उचकटून काढल्या. तिथे तीच 12 मिलिमीटरची जाळी ठोकली आणि बाहेरून उरलेल्या पत्र्याची उतरती झालर लावली, म्हणजे पाऊस-हिम आत येत नाही आणि हवा येत-जात राहते. पैसे शून्य. दुसऱ्या सकाळपासून फळ्या कोरड्या आणि वासही उतरला. कंपनीच्या मते आता माझी हमी रद्द झाली आहे. होऊ दे.

याच लोकांनी बसायच्या दांडीच्या उंचीवर मात्र शोभेची गोल भोकं पाडून ठेवली आहेत, तीही कायमची उघडी! वारा थेट झोपलेल्या कोंबडीच्या पिसांत शिरतो आणि तिने धरलेली ऊब घेऊन जातो. हवा वरून जायला हवी, अंगावरून नाही. मी ती भोकं लाकडी गुट्टे ठोकून बुजवली. दांडीही बदलली: त्यांची बारीक आणि गोल होती, मी साधारण 9 सेंटिमीटर रुंदीची चपटी फळी लावली. चपट्या फळीवर कोंबडी बसली की तिची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

शिटेच्या सरकत्या ट्रेबद्दल आधी मी बरंच वाईट लिहिणार होते. तिची कड इतकी बुटकी की गादी पद्धत, म्हणजे शीट रोज न काढता जाड भुशातच मुरू द्यायची पद्धत, जमतच नाही. त्यासाठी भुशाचा निदान 15 सेंटिमीटर थर लागतो. पण झडपेचं प्रकरण निस्तरल्यावर ट्रेची खरी किंमत कळली. कोंबड्या रात्रभर दांडीखालीच शिटतात, सकाळी ट्रे ओढली की ओलीचं मूळच बाहेर. गोठलेली शीट तर खरवडावीही लागत नाही, ट्रे आपटली की निघते. मला आता या आकाराच्या खुराड्यात गादीपेक्षा ट्रेच बरी वाटते.

पाण्याच्या भांड्याखाली ठेवायची, वेगळी घेतलेली विजेची गरम बैठक मात्र कंजूषपणा बाजूला ठेवून घ्याच. पारा 2 अंशांच्या आसपास आला की ती आपोआप सुरू होते, त्यामुळे वीज फारशी खात नाही. भांडं झोपायच्या खणात ठेवू नका, बाहेरच्या जाळीच्या भागात ठेवा. आत सांडलेलं पाणी म्हणजे पुन्हा तीच ओल. उभ्या निपलची, म्हणजे चोच मारली की थेंब सोडणारी बाटली पहिल्याच कडक रात्री गोठते.

पाचपैकी तीन तारे. एक तारा झडपेचा कापला, दुसरा त्या तिसऱ्या उत्तराचा. तक्रार त्यांच्याकडे अजून ‘प्रक्रियेत’ दिसते, आणि काढलेल्या पट्ट्या मी नव्या दांडीखाली टेकू म्हणून ठोकल्या आहेत. तिथे त्या फुगल्या तरी चालेल.