चौदाखालच्या टीमला आधी काय शिकवावं: मॅन-टू-मॅन की प्रेस?

शाळेची चौदा वर्षांखालची बास्केटबॉल टीम हातात आली की क्रीडाशिक्षकाला डिफेन्सचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. कोल्हापुरात तर वेळच थोडा. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात, उघड्यावरचे सिमेंटचे कोर्ट आठवडेच्या आठवडे ओले राहतात आणि पुरती उघडीप मिळायच्या आत शालेय स्पर्धांच्या तारखा लागतात. एवढ्या दिवसांत मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा डिफेन्स, नीट बसवायचा की फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच बास्केटपासून पूर्ण कोर्टभर दाबून धरणं, घोटून घ्यायचा?

प्रेसची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. बॉल बाहेरून आत टाकायला 5 सेकंद आणि तो हाफ लाइनच्या पलीकडे न्यायला 8 सेकंद मिळतात. बारा-तेरा वर्षांच्या ज्या पोराला बॉलकडे न बघता ड्रिबल जमत नाही, त्याच्या अंगावर दोघं धावून गेले की तो हातातला बॉल कुठेतरी भिरकावतोच. अशा ट्रॅपवरून, म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या कोंडीवरून, लांब पास मारायची ताकदही त्या वयात मनगटात नसते. बॉल मिळतो तो बास्केटच्या जवळच, त्यामुळे सोपे लेअप होतात आणि पहिल्याच क्वार्टरला मॅच हातात येते. उंची कमी असलेल्या टीमलाही प्रेसचा आधार होतो. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलए कॉलेजने 1964 मध्ये 2-2-1 (पुढे दोन, मधे दोन, मागे एक) प्रेसच्या जोरावर सगळ्या म्हणजे 30 मॅच जिंकून अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांच्या पहिल्या पाचांत सहा फूट पाच इंचांहून उंच कुणी नव्हतं. पण ती कॉलेजची, पायांनी तयार झालेली मुलं होती. हे उदाहरण देताना आपण नेमकं तेवढंच विसरतो.

माझा आक्षेप इथेच आहे. चौदाखालचा प्रेस बहुतेक वेळा समोरच्याच्या कच्चेपणावर जिंकतो. तालुक्याला तो कच्चेपणा भरपूर सापडतो. पुढे मात्र एखादी टीम अशी भेटतेच की जिच्याकडे बॉल सांभाळणारी दोन मुलं आहेत आणि मधल्या भागात येऊन पास घेणारं तिसरं आहे. तीन पासांत प्रेस फुटतो, मागे एकटा डिफेंडर आणि समोरून तिघं येतात. प्रेस मोडला म्हणून आपली पोरं हाफ कोर्टमध्ये परतली, तर तिथे उभं कसं राहायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. मग सगळे बॉलमागे धावतात.

मॅन-टू-मॅनचं फळ उशिरा मिळतं, पण जे मिळतं ते त्या मुलाकडे राहतं. गुडघे वाकवून बसणं, पाय न जुळवता सरकणं, शूटरकडे धावत जाऊन शेवटची दोन पावलं आखूड टाकणं, शॉट उडाल्यावर आपला माणूस पाठीशी धरून रिबाउंड घेणं, हे सतराखाली आणि कॉलेजमध्येही उपयोगी पडतं. आपल्याकडे एक फायदा आणि एक अडचण बरोबरच येते. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेल्या पोराला मार्किंग समजावून सांगावं लागत नाही. पण मार्किंग म्हणजे आपल्या माणसाला चिकटून राहणं, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं असतं. बास्केटबॉलमध्ये बॉल उजव्या बाजूला असेल तर डावीकडच्या डिफेंडरने आपला माणूस सोडून जवळजवळ बास्केटसमोर यावं लागतं, एक नजर बॉलवर आणि एक माणसावर ठेवून. ही मदतीची जागा शिकवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यासाठी चार विरुद्ध चार शेल ड्रिल करा. सुरुवातीला ड्रिबल बंद ठेवा, प्रत्येक पासनंतर खेळ थांबवा आणि चौघं कुठे उभे आहेत ते त्यांनाच सांगायला लावा. कंटाळवाणं वाटतं, पण याला पर्याय मला दिसलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मॅन-टू-मॅनमध्ये सगळ्यात कमकुवत मुलालाही स्वतःचा एक माणूस सांभाळावा लागतो. तो हरेल, पण लपणार नाही, आणि मोसमाच्या शेवटी सर्वांत जास्त सुधारलेला बहुधा तोच असतो. जपानच्या संघटनेने 15 वर्षांखालच्या गटात झोनला (माणूस न धरता ठरलेली जागा सांभाळण्याला) मनाई करून मॅन-टू-मॅन बंधनकारक केला. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलच्या मार्गदर्शक सूचनाही लहान गटांना मॅन-टू-मॅनच सांगतात.

प्रेसला किंमतही मोजावी लागते. 28 मीटर लांबीचं कोर्ट सतत झाकायला नऊ-दहा दमदार खेळाडू लागतात. अनेक शाळांच्या टीममध्ये सात-आठच असतात. हात मारायची सवय लागली की क्वार्टरमधले चार टीम फाउल लगेच संपतात आणि पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. ओलसर सिमेंटवर धावत ट्रॅप लावणं तर मी कुठल्याच मुलाला करू देणार नाही.

म्हणून पहिल्या मोसमासाठी माझा कौल मॅन-टू-मॅनला आहे. सतराखालची, पाय बसलेली आणि बेंच भरलेली टीम असेल तर प्रेस जरूर घ्या. चौदाखाली स्पर्धा तोंडावर आली आणि काहीतरी दडपण आणायचंच असेल, तर मधला रस्ता आहे: तोच मॅन-टू-मॅन फुल कोर्टभर खेळायचा, ट्रॅप न लावता. प्रत्येकाने आपला माणूस बेसलाइनपासूनच धरायचा आणि ड्रिबल करणाऱ्याला साइडलाइनकडे वळवत न्यायचं. नवीन काही शिकवावं लागत नाही, फक्त अंतर वाढतं.

ट्रॅप कधी सुरू करावा, याची माझी कसोटी साधी आहे. झिगझॅग ड्रिलमध्ये, म्हणजे नागमोडी जाणाऱ्या ड्रिबलरला अडवण्याच्या सरावात, डिफेंडर हात मागे बांधूनही ड्रिबलरच्या पुढे राहू लागले आणि शेल ड्रिलमध्ये तुम्ही न ओरडता चौघं जागेवर जाऊ लागले, की सुरू करा. पहिला ट्रॅप हाफ लाइन ओलांडल्याबरोबर कोपऱ्यात लावायला शिकवा. तिथे साइडलाइन एका बाजूला असते, आणि बॉल मागे नेता येत नसल्याने हाफ लाइनही आपल्याच बाजूने खेळते. आणि वीस गुणांची आघाडी झाली की पोरांना हाफ कोर्टमध्ये परत बोलवा. तेवढी मिनिटं मॅन-टू-मॅनच्या सरावाला मिळतात, आणि समोरच्या मुलांनाही बॉल पुढे आणून एखादा शॉट मारता येतो.