हेरिटेज बुरशीनाशक: ब्राऊन पॅचवर भक्कम, डॉलर स्पॉटवर बिनकामाचं

गोल्फ कोर्सच्या गवतावरच्या बुरशीजन्य रोगांसाठीचं सिंजेंटाचं हेरिटेज म्हणजे ॲझॉक्सिस्ट्रोबिन 50 टक्के, पाण्यात मिसळायच्या दाण्यांच्या रूपात. आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांना ठाऊक असलेल्या अमिस्टारमध्ये हेच औषध 23 टक्के, पातळ स्वरूपात असतं. म्हणून कुणी अमिस्टारचा डबा उचलून शेतीच्या मात्रेने ग्रीनवर (गोल्फच्या भोकाभोवतीच्या, अगदी बारीक कापलेल्या गवतावर) मारेल, तर फसेल. भाजीपाल्याला हेक्टरी साधारण 125 ग्रॅम मूळ औषध लागतं, हेरिटेजच्या अमेरिकी लेबलवरची मात्रा मूळ औषधाच्याच हिशेबात हेक्टरी सुमारे 305 ते 610 ग्रॅम आहे. शिवाय लेबलवर टर्फचा (हिरवळीच्या गवताचा) उल्लेख नसलेलं औषध ग्रीनवर वापरूच नये.

अमेरिकेतल्या बेंटग्रास या बारीक पानांच्या गवताच्या ग्रीनवर ब्राऊन पॅचसाठी (तपकिरी चट्टे पाडणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी) हे औषध खरोखर चांगलं आहे. रात्रीचं तापमान 20 अंशांच्या वर टिकायला लागलं आणि पानं रात्रभर ओली राहायला लागली, की पहिली फवारणी व्हायला हवी. हे औषध बुरशीच्या पेशींचं श्वसन बंद पाडतं, त्यामुळे बीजाणू रुजण्याच्या टप्प्यावर त्याचा मार सर्वांत जोरदार. चट्टे दिसल्यावर मारलं तर पसरणं आटोक्यात येतं, पण जळालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. अनेकांची तक्रार इथेच असते, आणि ती औषधापेक्षा उशिरा मारण्याची आहे.

डॉलर स्पॉट या दुसऱ्या बुरशीच्या रोगासाठी मात्र हेरिटेजवर पैसे घालू नका. 3 मिलिमीटरवर कापलेल्या ग्रीनवर नाण्याएवढे, किंचित खचलेले, वाळल्या काडीच्या रंगाचे ठिपके आणि पहाटे दवात त्यांवर पांढरी जाळी दिसली, तर तो डॉलर स्पॉट. हेरिटेज तो रोखत नाही. काही चाचण्यांत तर फवारलेल्या तुकड्यांत न फवारलेल्यांपेक्षा जास्त ठिपके मोजले गेले आहेत. या रोगाला क्लोरोथॅलोनिलसारखं स्पर्शजन्य औषध घ्यावं लागतं (युरोपीय संघाने 2019 मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही, त्यामुळे तिकडे हा मार्ग बंद). नत्र कमी पडलेल्या ग्रीनवर डॉलर स्पॉट जास्त येतो, तेव्हा थोडं थोडं नत्र देणं आणि सकाळी लवचिक काठीने दव झाडणं हे फवारणीइतकंच महत्त्वाचं.

विकत घेण्याआधी आपल्याच ग्रीनवर चाचणी घ्या, तीही सरावाच्या ग्रीनवर. 1 बाय 2 मीटरचे तुकडे, मध्ये 30 सेंटीमीटरची मोकळी पट्टी, प्रत्येक मात्रेचे चार तुकडे आणि चार तुकडे अजिबात न फवारलेले. कुठला तुकडा कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर सावलीचे सगळे तुकडे एकाच औषधाच्या वाट्याला जातात. 100 चौरस मीटरला 8 लिटर पाणी धरलं, तर कमी मात्रेला लिटरमागे 0.76 ग्रॅम आणि जास्त मात्रेला 1.52 ग्रॅम हेरिटेज लागतं. एका तुकड्याला यातलं 160 मिलिलिटर पुरे. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. चमच्याच्या मापाने दोन मात्रांमधला फरक पुसला जातो. नोझल सपाट पंख्यासारखा फवारा देणारा घ्या, पोकळ शंकूचा नको. शेजारच्या तुकड्यावर तुषार उडू नयेत म्हणून पुठ्ठ्याची भिंत धरा. आधी गवत कापा, मग फवारा, आणि औषध वाळेपर्यंत पाणी देऊ नका. दर आठवड्याला चट्टे मोजून लिहा. नुसतं 'बरं दिसतंय' याला अर्थ नाही, कारण थोडं खत पडलं तरी गवत बरं दिसतं.

पिथियमची (ओलाव्यात गवत कुजवणाऱ्या रोगाची) चाचणी घ्यायची असेल तर जागा पाण्याच्या वाटेत नको. हा रोग वाहत्या पाण्याबरोबर आणि मॉवरच्या चाकांबरोबर पट्ट्यापट्ट्यांनी सरकतो. वरच्या न फवारलेल्या तुकड्यातून तो खालच्या फवारलेल्या तुकड्यात उतरला, की दोष उगाच औषधाला लागतो. फेअरी रिंग (गवतात गोल कडी उमटवणारा बुरशीचा रोग) किंवा मुळांच्या रोगांसाठी वरचा 'वाळू द्या' हा नियम उलटा: फवारल्यावर लगेच पाणी देऊन औषध मुळांपर्यंत पोचवायचं. ते झाडात खालून वर चढतं, पानावरून मुळाकडे जात नाही.

सलग दोनपेक्षा जास्त फवारण्या नकोत. बुरशीच्या एकाच जनुकातल्या एका बदलाने हे औषध निकामी होतं. करड्या पानठिपक्याच्या आणि अँथ्रॅक्नोजच्या बुरशीत हे घडून गेलं आहे. मध्ये त्याच गटातलं पायराक्लोस्ट्रोबिन किंवा ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन मारणं ही नुसती नाव बदलण्याची गोष्ट, बुरशीला फरक पडत नाही. ट्रायाझोल गटाचं औषध आलटून घ्यावं, पण आपल्याकडच्या बर्म्युडा गवतावर ऐन उन्हात त्या गटातलं प्रॉपिकोनॅझोल जपून: पानं निळसर, जाडसर होतात आणि गवताची वाढ खुंटते.

पंपाबद्दल एक गोष्ट. ॲझॉक्सिस्ट्रोबिन सफरचंदाच्या काही जातींना अत्यंत घातक आहे. कोर्सच्या आवारात किंवा शेजारी सफरचंदाची झाडं असतील, तर हेरिटेज भरलेला पंप कितीही धुतला तरी त्यांच्यावर वापरू नका, आणि वाऱ्याची दिशा तिकडे असेल त्या दिवशी फवारणीच नको.